आधी बिल की आधी खोका? ऑर्डरच्या कामांच्या गाठी कशा मारायच्या

आजचा विषय नावावरून बोअर वाटेल: टास्क डिपेंडन्सी. पण तुमच्या घरात कुणी इन्स्टावर ऑर्डर घेऊन काही विकत असेल, तर हा भाग त्यांना शेजारी बसवून ऐका.

माझी मावशी डोंबिवलीहून दिवाळीचा फराळ कुरिअरने पाठवते. फराळाचं कसंय, भाऊबीज उलटल्यावर पोहोचलेल्या चकलीचं कौतुक कुणालाच नसतं. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं. म्हणून तिच्या ऑर्डरी मी एका टास्क अ‍ॅपमध्ये लावून दिल्या.

डिपेंडन्सी म्हणजे 'हे झाल्याशिवाय ते सुरू होणार नाही' अशी दोन कामांमधली गाठ. असानामध्ये तिला 'ब्लॉक्ड बाय' म्हणतात, क्लिकअपमध्ये 'वेटिंग ऑन'. बटण सापडायला दोन मिनिटं लागतात. डोकं लागतं ते गाठ कुठे मारायची हे ठरवायला.

बरेच जण काय करतात, तर आपण रोज ज्या क्रमाने कामं करतो तीच यादी घेतात आणि वरपासून खालपर्यंत सगळं एकमेकांना बांधून टाकतात. पैसे आले, मग चिवडा, मग चकली, मग लाडू, मग खोका. आता चकलीचं पीठ दळून यायला उशीर झाला की अ‍ॅप सांगणार, लाडूही थांबलेत. का? लाडवाचा चकलीशी काय संबंध? तो क्रम फक्त सवयीचा आहे. म्हणून प्रत्येक गाठ मारताना विचारायचं: पहिलं काम झालं नाही, तर दुसरं खरंच करता येणार नाही का? येत असेल तर गाठ नको.

आता खरी गंमत ऐका. मावशीची पद्धत अशी की बिल खोक्याच्या आत ठेवायचं. बिलावर कुरिअरचा खर्च लिहायचा. खर्च कळतो वजनावरून. आणि वजन करायचं खोका पॅक झाल्यावर! म्हणजे पॅकिंग थांबलंय बिलासाठी, बिल थांबलंय वजनासाठी, वजन थांबलंय पॅकिंगसाठी. गोल गोल. याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात. मी मावशीला म्हटलं, बिल बाहेर चिकटव ना. तर ती, "अगं, पावसात भिजून गेलं तर? बिल आतच जाणार."

मग 'पॅकिंग' या एका कामाचे दोन तुकडे केले: खोका भरणं आणि खोका सील करणं. भरला, उघडाच काट्यावर ठेवला, बिल काढलं, आत टाकलं, मग टेप. चक्र सुटलं. कामं अशी गोल अडकली की समजा, त्यातलं एखादं काम खरं तर दोन कामांचं आहे.

आणि वजन म्हणजे नुसता काटा नाही हां. बहुतेक कुरिअर खोक्याचं मापही बघतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000. 30 बाय 25 बाय 20 चा खोका असेल तर 15000 भागिले 5000, म्हणजे 3 किलो. आत दीड किलोच चिवडा असला तरी पैसे 3 किलोचे. त्यामुळे 'लेबल काढणं' हे काम 'खोका भरणं'च्या मागेच हवं. अंदाजाने आधी लेबल काढलं, तर फरक नंतर वसूल होतो.

दुसरी गोष्ट, मधला वेळ. चकली तळून झाली की लगेच डब्यात भरता येत नाही. गरम भरली तर वाफ धरते आणि सादळते. अ‍ॅपमध्ये 'तळणं' आणि 'भरणं' यांच्यामध्ये दोन तास सोडायचे. काही अ‍ॅपमध्ये याला 'लॅग' म्हणतात. ती सोय नसेल तर 'गार करणं' असं वेगळं कामच टाका.

आता हिशोब बघा. चकली तळायला 90 मिनिटं, गार व्हायला 120, खोका भरायला 20, वजन, बिल, सील, लेबल मिळून 10. एकूण चार तास. पिकअप 5 वाजता, म्हणजे 1 वाजता कढई तापलेली हवी. लाडवांना बेसन भाजणं 60, कोमट होणं 60, वळणं 30, म्हणजे खोका भरेपर्यंत 150 मिनिटं. चकलीला तिथवर 210 लागतात. लाडू तासभर मागे पडले तरी चालतील, चकली पाच मिनिटंही नाही. या सगळ्यात लांब वाटेला क्रिटिकल पाथ म्हणतात. ही पद्धत 1950 च्या दशकात ड्यूपाँ कंपनीत केमिकल कारखान्यांच्या कामांसाठी तयार झाली. आपण ती कढईला लावतोय, इतकंच.

एक मात्र लक्षात ठेवा. चकली काही प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळी तळत नाहीत, घाणा एकच असतो. मग 'सोमवारचा घाणा' असं एकच काम करा आणि त्यावर अवलंबून असलेल्या दहाही ऑर्डरी त्याला बांधा. घाणा लांबला की कोणत्या दहा जणांना मेसेज करायचा ते तिथेच दिसतं. ऑर्डर रद्द झाली तर फक्त तिची गाठ सोडा, घाण्याला हात लावू नका.

आणि हो, बऱ्याच अ‍ॅपमध्ये गाठ म्हणजे कुलूप नसतं. थांबलेल्या कामावरही कुणी 'झालं' असं टिक करू शकतं, अ‍ॅप फार तर सूचना देतं. मावशीकडे मदतीला दोघीजणी येतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवलंय.

पुढच्या भागात, पत्ता चुकून परत आलेल्या पार्सलचं काय करायचं ते बघू.