भोसरी ते सी-वन

चेन्नईच्या अलीकडे चाळीसेक किलोमीटरवर, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै या गावी मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तो १९९० मध्ये सुरू केला. त्याआधी या क्लबच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. ट्रॅक राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेला आहे आणि हाच महामार्ग पुण्याहून खंबाटकी चढून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर करत तिथे पोचतो. एकदा कात्रजच्या पुढे लागलं की रस्ता विचारावा लागत नाही. फक्त अंतर साधारण ११५० किलोमीटर आहे.

मोटारसायकलच्या रोड रेसिंगच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या वर्षानुवर्षं मुख्यतः इथे आणि कोईम्बतूरच्या कारी स्पीडवेवर होत आल्या आहेत. म्हणजे पुण्या-कोल्हापूरच्या मुलाला पूर्ण मोसम खेळायचा असेल तर जून ते ऑक्टोबर या काळात हा रस्ता पुन्हा पुन्हा तुडवायचा. मी गेले काही मोसम अशा एका छोट्या जथ्याबरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून जातो. रायडर भोसरीच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. गाडी बघणारे मिस्त्री त्याच्या वडिलांच्या वयाचे. चौथा एक मित्र, जो जेवणाखाण्याचं आणि हिशोबाचं बघतो. कोणाचाच हा धंदा नाही. रजा टाकून, ओव्हरटाइमचे पैसे साठवून केलेलं काम आहे.

इतक्या लांबून येणाऱ्याचं नुकसान डिझेल आणि टोलवर संपत नाही. ते दोन्ही मिळून टायरच्या जोडीपेक्षा महाग पडतं हे खरं, पण पैसे कुठून तरी उभे राहतात. उभा राहत नाही तो सराव. श्रीपेरुंबुदूरच्या आसपास राहणारा मुलगा ट्रॅक सरावाला खुला असेल त्या दिवशी सकाळी येऊन दुपारी घरी जेवायला जाऊ शकतो. आमच्या रायडरला ते डांबर दिसतं ते थेट शर्यतीच्या शुक्रवारी. मधल्या महिन्यांत तो मोबाइलवर जुनी चित्रणं बघतो आणि पहाटे पळायला जातो. रविवारी सकाळी लवासाच्या नाहीतर ताम्हिणीच्या रस्त्यावर गुडघा टेकवायला जाणारे पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यात तो कधीच जात नाही. “ट्रॅकवर चुकलो तर समोरून एसटी येत नाही, काका,” असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. रेसिंगचं वेड असलेल्या प्रत्येक घरात हे वाक्य पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बुधवारी संध्याकाळी पिकअप भरायची. रेसची गाडी रस्त्यावर चालवत नेता येत नाही. तिला हेडलाइट नाही, आरसे नाहीत, स्टँडही नाही. ती रेल्वेच्या पार्सलने पाठवायचा मार्ग आहे, पण त्यात टाकी पूर्ण रिकामी करा, गोणपाटात गुंडाळा, आणि मग ती आपल्याबरोबरच पोचेल याचा भरवसा नाही. म्हणून पिकअप.

गाडी बांधणं हे बघण्यासारखं काम आहे. दोन गाड्या असतील तर शेजारी शेजारी, एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. पुढचं चाक केबिनच्या पाठीमागच्या पत्र्याला टेकवायचं. त्याआधी चाक आणि फोर्कच्या खालच्या जोडामध्ये एक लाकडी ठोकळा सरकवायचा. मग दोन्ही बाजूंनी रॅचेटचे पट्टे ओढायचे. ठोकळा नसला तर पट्टा आवळताना पुढचं सस्पेन्शन पार खाली बसतं, रात्रभर तसंच दाबलेलं राहतं, आणि खड्ड्यात आणखी दाब आला की फोर्कची ऑइल सील फुटते. पट्टा सैल ठेवला तर गाडी डोलते आणि पट्टा टाकीला घासतो. मिस्त्री पट्टा आवळतात आणि मग तर्जनीने त्यावर टिचकी मारतात. आवाज ऐकून एक खटका सोडतात किंवा वाढवतात. साताऱ्याला चहाला थांबलं की सगळ्यांच्या आधी तेच मागे जाऊन पुन्हा टिचकी मारतात. ओला पट्टा ताणला जातो, आणि जूनच्या शेवटी खंबाटकीत पाऊस नसेल असं होत नाही.

कागल ओलांडून कोगनोळीचा नाका लागतो तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात रस्त्याचं काम चालू असलं की तास-दीड तास तिथेच जातो. बेळगावनंतर मी चाक हातात घेतो. सकाळी दावणगिरीला लोणी डोसा, दुपारी बंगळूरचा वळसा, संध्याकाळी कृष्णगिरी. आंबूर आलं की चौथा मित्र बिर्याणीची आठवण काढतो आणि मिस्त्री नकार देतात, कारण पोचल्यावर अजून गाडी उतरवायची असते. एक रात्र आणि एक दिवस सरतो. पंधरा तासांपूर्वी अंगात जर्किन होतं, इथे रात्री दहालाही सदरा पाठीला चिकटतो.

या बदललेल्या हवेनेच मिस्त्रींचं खरं काम सुरू होतं. आमची गाडी जुनी, कार्ब्युरेटरची, १६५ सीसी गटातली. कार्ब्युरेटरला हवा मोजता येत नाही. पेट्रोल किती जाणार हे चिमटीत मावणाऱ्या पितळी जेटच्या छिद्रावर ठरतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, ट्रॅक जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर. खाली उतरलं की हवा दाट होते, त्याच जेटवर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. म्हणजे मोठी जेट हवी. पण चेन्नईची हवा पुण्याच्या पावसाळी हवेपेक्षा कितीतरी गरम आणि दमट असते, आणि गरम, दमट हवा विरळ होते. ती उलट दिशेने ओढते. उंची म्हणते मोठी जेट लाव, उकाडा म्हणतो असू दे तीच. कागदावर हिशोब करून उत्तर निघत नाही, कारण सकाळी आठ आणि दुपारी दोनच्या हवेत फरक पडतो. इंजेक्शनच्या गाड्या हे सेन्सरवर बऱ्याच अंशी सावरून घेतात. आम्हाला प्लग वाचावा लागतो.

शुक्रवारच्या सरावात रायडर सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटलवर असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करतो आणि गाडी घरंगळत आत आणतो. प्लग गरम असतानाच काढला जातो. मिस्त्री चष्मा कपाळावर सरकवून तो उन्हाकडे धरतात. पांढुरका दिसला तर पेट्रोल कमी, काजळी दिसली तर जास्त, बदामी-तपकिरी रंग आला तर ठीक. नवख्या डोळ्याला हे तिन्ही रंग सारखेच वाटतात. मी इतक्यांदा बघूनही मधल्या छटा ओळखू शकत नाही आणि मिस्त्री एका नजरेत “एक नंबर वर” म्हणून जेटची डबी उघडतात. हे ज्ञान त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, याची मला काळजी वाटते.

त्याआधी तपासणी पार पडलेली असते. चामड्याचा सूट, पाठीचं कवच, हातमोजे, बूट, हेल्मेट, सगळं टेबलावर मांडायचं. हेल्मेटचा पट्टा ओढून बघतात. गाडीखाली टॉर्च घेऊन एक जण वाकतो आणि इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट शोधतो. त्या बोल्टच्या डोक्याला आरपार छिद्र पाडून त्यातून बारीक स्टीलची तार ओवलेली असावी लागते. तारेचा पीळ असा हवा की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला आवळण्याच्या दिशेने ओढेल. उलट्या बाजूने ओवलेली तार म्हणजे तार नसल्यासारखीच. एका गाडीचं ऑइल वळणावर सांडलं तर मागून येणारे सगळे घसरतात. पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांतलं कूलंटही याच कारणाने काढून साधं पाणी भरतात, कूलंट सांडलं की डांबर निसरडं होतं. ही छिद्रं रायडर स्वतः कारखान्यात, शिफ्ट संपल्यावर, मालकांना विचारून पाडतो. दीड मिलिमीटरचा ड्रिल बोल्टच्या कडक पोलादात तुटतो, म्हणून हळू, तेल सोडत. तपासनिसाने टॉर्च विझवून गाडीवर स्टिकर लावला की रायडरच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मी शर्यतीनंतरही क्वचितच पाहिला आहे.

आणि मग ते डांबर. ट्रॅक साधारण ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. वळणांना तिथे नावं नाहीत, सी-वन, सी-टू असे क्रमांक आहेत. सरळ पट्टा संपतो तिथे सी-वन, उजवीकडचं वेगवान वळण. नवखा रायडर तिथे थ्रॉटल सोडतो, स्थानिक मुलं जवळपास सोडतच नाहीत. १६५ सीसीच्या गाडीला गेलेला वेग परत मिळवायला पुढची बरीच लांबी लागते, त्यामुळे सी-वनमध्ये क्षणभर कच खाल्ली की पूर्ण फेरीभर भरपाई करावी लागते. हे धाडसाचं काम आहे असं बाहेरून वाटतं. जवळून बघितल्यावर माझं मत बदललं. नजर कुठे ठेवायची, शरीर कधी आत टाकायचं, हे शंभरदा केलं की भीती आपोआप कमी होते. शंभरदा करायला ट्रॅक घराजवळ हवा.

पात्रता फेरीत आमचा रायडर मागच्या रांगांत राहिला. संध्याकाळी पॅडॉकमध्ये, शेजारच्या शेडमधला चेन्नईचा एक मुलगा, त्याच गटातला, पुढच्या रांगेत असलेला, चहाचा पेला घेऊन आला. मोडकं हिंदी, मोडकं इंग्रजी आणि मधूनच तमिळ. सी-वनला तू वळणाच्या तोंडाकडे बघतोस, असं त्याने सांगितलं, तिथे बघू नकोस, पलीकडे जिथून बाहेर पडायचं तिथे बघ. जमिनीवर त्याने टायरच्या खडूने रेघ काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी ज्याच्याशी शर्यत आहे त्याला हे सांगायची काही गरज नव्हती. हौशी रेसिंगवर माझा जीव जडला आहे तो अशा गोष्टींमुळे.

रविवारची शर्यत ६ फेऱ्यांची, म्हणजे जेमतेम बारा मिनिटांची. पहिल्या दोन फेऱ्या गर्दीत गेल्या. तिसरीत तो मोकळा झाला आणि सी-वनला इंजिनाचा आवाज पडला नाही. मिस्त्री भिंतीशी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला आणि पुढच्या फेरीत तोच आवाज पुन्हा येईपर्यंत सोडला नाही. रायडर मधल्या घोळक्यात संपला, पण त्याची सर्वांत वेगवान फेरी त्या गाडीवरची आजवरची सर्वोत्तम होती, आणि ती शेवटच्या फेरीत लागली होती.

पट्टे पुन्हा आवळले तेव्हा ऊन उतरलं होतं. रविवारची रात्र आणि सोमवार रस्त्यात आणि मंगळवारी दुपारच्या शिफ्टला हजेरी. ज्या वर्षी फेरी गौरी-गणपतीत येते त्या वर्षी घरी जास्तच बोलणी खावी लागतात, यंदा तेवढं तरी वाचलं. रायडर कृष्णगिरीपर्यंत गाढ झोपला. त्यापुढे जागा झाला आणि मिस्त्रींशी कोईम्बतूरचं बोलणं सुरू झालं. कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचाच, सरळ पट्टे आखूड, वळणामागून वळण. तिथे वेगापेक्षा उचल महत्त्वाची, म्हणून मागचं स्प्रॉकेट दोन दातांनी मोठं लावायचं असं मिस्त्रींचं मत, रायडरला एकच दात पुरेसा वाटतो. शिवाय कोईम्बतूर समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या वर, म्हणजे जेटची डबी पुन्हा उघडावी लागणार. होसूर येईपर्यंत वाद मिटला नव्हता. शेवटी दोन्ही स्प्रॉकेट बरोबर न्यायची आणि शुक्रवारच्या सरावात एकेक लावून बघायची असं ठरलं, आणि चौथ्या मित्राने खर्चाच्या वहीत एका स्प्रॉकेटची ओळ वाढवली.