चीक डोळ्यांत गेला तर

रुई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. बांधावर, माळावर, रस्त्याच्या कडेला ती आपोआप उगवते. शनिवारी मारुतीला आपण रुईच्या पानांची माळ घालतो. शेरही तसाच ओळखीचा. गुरं त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून पुष्कळ जण शेताला शेराचं कुंपण करतात.

या झाडांचं पान तोडलं, फांदी छाटली, की पांढरा चीक निघतो. तो दिसतो दुधासारखा, पण तो विषारी आहे. तीनधारी निवडुंगाचा चीकही तसाच.

हा चीक डोळ्यांत जातो कसा? पानं खुडताना तो बोटांना लागतो. मग तोच हात घाम पुसायला डोळ्यांकडे जातो. कुंपण छाटताना कोयत्याच्या घावाबरोबर थेंब उडतो. पोरं खेळता खेळता फांद्या मोडतात, आणि त्याच हातांनी डोळे चोळतात.

शेराचा चीक आगीसारखा झोंबतो. काही तासांनी दुखणं आणखी वाढतं, डोळा लाल होतो, पाणी गळतं. रुईचा चीक मात्र फसवा. पुष्कळदा तो फारसा दुखतच नाही. माणूस म्हणतो, “काही झालं नाही,” आणि कामाला लागतो. मग हळूहळू सारं धुक्यातून पाहावं तसं दिसू लागतं.

असं का होतं? आपल्या बुबुळावर काचेसारखा स्वच्छ पडदा असतो. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतल्या बाजूला बारीक पेशींचा थर असतो. विहीर उपसावी तसं या पेशी पडद्यात शिरलेलं पाणी उपसून काढतात, म्हणून पडदा स्वच्छ राहतो. चिकाचं विष पडद्यातून आत झिरपतं आणि या पेशींना इजा करतं. मग पाणी साचतं, पडदा फुगतो, धुरकट होतो. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येत नाहीत. म्हणून दुखत नाही, तर इजाही नाही, असं कधी समजू नये.

मग करायचं काय? पहिलं औषध म्हणजे पाणी. आधी हात साबणानं धुवा, पण त्यात वेळ घालवू नका. जवळ कोणी असेल तर त्याला हाक मारा. डोळा चोळू नका. डोक्याची बाजू कलती करा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि तांब्यानं स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडा. मध्ये मध्ये डोळा वर, खाली, डावी-उजवीकडे फिरवा. चांगली 15 ते 20 मिनिटं धुवा. दोन हबके मारून भागत नाही.

घरातलं वडीलधारं माणूस मायेनं म्हणेल, “दूध घाल, मध घाल, तूप लाव.” यातलं काही घालू नका. त्यानं डोळ्यात जंतू जाऊन जखम पिकते. घरात उरलेले जुने थेंबही नकोत. डोळ्याला कोणते थेंब चालतील, ते डॉक्टरच तपासून ठरवतात.

धुऊन झालं की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. झाडाची डहाळी कागदात गुंडाळून बरोबर न्या. कोणता चीक गेला, ते त्यांना लगेच कळेल. वेळेवर गेलेल्या बहुतेकांची नजर काही दिवसांत पुन्हा स्वच्छ होते. उशीर झाला, जखम पिकली, तर डोळ्यात कायमचं फूल पडू शकतं.

कुंपण छाटताना डोळ्यांवर चष्मा लावावा, वाऱ्याकडे पाठ करावी. माळेची पानं खुडली की आधी हात धुवावेत, मग माळ ओवावी. पोरांनाही हे सांगून ठेवावं. रुई आणि शेर आपल्या बांधावर राहणारच. त्यांचा चीक डोळ्यांपासून दूर ठेवणं आपल्याच हातात आहे.