सीआरपी वाढलो म्हणजे काय झाला?

मालवणच्या बाजारातल्या लॅबमधून रिपोर्ट येतो संध्याकाळी. डॉक्टरांच्या हातात पडण्याआधी तो व्हॉट्सॲपवरून मुंबईच्या चाकरमानी पुतण्याकडे पोचलेला असतो. त्याला ठळक छापलेला एक आकडा दिसतो आणि फोन येतो : "काकी, सीआरपी वाढलो हा. रगतात इन्फेक्शन आसा." झालं! काकीची त्या रात्रीची पेज तशीच राहते.

पुतण्याचं प्रेम खरं, पण निदान चुकीचं. रक्तात जंतू आहेत की नाहीत हे सीआरपी सांगतच नाही. ते काम ब्लड कल्चरचं. सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं आणि त्या आजाराच्या जंतूच्या पेशीभित्तीतल्या 'सी' नावाच्या घटकावरून त्याचं बारसं झालं. जंतूशी नातं जुळलं ते तिथे. पण यकृताला कारणाशी देणंघेणं नसतं. शिंगाळ्याचा काटा पायात मोडून सुजला, घसरून हाड मोडलं, नुकतंच ऑपरेशन झालं, संधिवात उसळला, तरी सीआरपी वाढतो. हिरड्यांची जुनी सूज किंवा पोटावरची चरबीसुद्धा त्याला थोडासा वर ठेवते.

घाबरण्याआधी आकड्यापुढचं एकक वाचावं. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी प्रति डेसिलिटर. मालवणात १२ आणि गोव्याच्या बांबोळीला १.२ आला, तर सीआरपी उतरलेला नाही. तो तेवढाच आहे. एका चुलत्याच्या बाबतीत आमच्या घरी यावरून देवाला नारळ ठेवून झाला होता.

शिवाय एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. दाह सुरू झाल्यावर साधारण सहा तासांत सीआरपी चढू लागतो, दोनेक दिवसांत शिखर गाठतो आणि कारण संपलं की दर १९ तासांनी निम्मा होतो. म्हणून डॉक्टर तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढायला सांगतात तेव्हा ते पैसे काढायचे धंदे नसतात. ८० वरून ३० वर आलेला माणूस सुधारतोय, रिपोर्टवर ३० ठळक छापलेला असला तरी.

ईएसआर हा त्याचा सुशेगाद भाऊ. उभ्या काचेच्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं, बस. स्वीडनच्या फोरेउस यांना १९१८ मध्ये पेशी बसण्याच्या वेगातला फरक दिसला तो गरोदर बायकांच्या रक्तात. म्हणजे मुळात आजार नसतानाही तो वाढतो. वयाप्रमाणे वाढतो, हिमोग्लोबिन कमी असलं तरी वाढतो. सत्तरीच्या, अंगात रक्त कमी असलेल्या बाईचा ईएसआर ४० आला म्हणून लगेच टीबी शोधत सुटायचं कारण नाही. आणि तो उतरतो सावकाश, कित्येक आठवड्यांनी.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे रिपोर्ट वाचायचा तर आधी त्यावरची तारीख वाचावी. जुलैत लावणीच्या चिखलात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, पांढऱ्या पेशी आणि सीआरपी वाढलेला, प्लेटलेट कमी : डॉक्टरांच्या डोक्यात पहिला येतो तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. पायाच्या भेगांतून शिरलेला. इथे दुसरा गैरसमज आडवा येतो : "लेप्टोची टेस्ट निगेटिव्ह इली, म्हणजे लेप्टो नाय." त्या टेस्टमध्ये जंतू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात, आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्हला फारसा अर्थ नाही. म्हणून जाणता डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू करतो.

तोच ताप फेब्रुवारीत, काजूच्या बागेतून आलेल्या माणसाला, आणि पांढऱ्या पेशी उलट ४००० च्या खाली? २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या हंगामात बांद्याच्या परिसरात माकडतापाने हेच दाखवलं. गोचिडीतून येणारा हा विषाणू पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली आणतो. घरचे म्हणतात, "इम्युनिटी गेली, काढो देवया." इम्युनिटी गेलेली नसते, ती त्या विषाणूशी झुंजत असते आणि आजार सरल्यावर पेशी पुन्हा भरून येतात. पांढऱ्या पेशींचा आकडा हे प्रतिकारशक्तीचं मीटर नव्हेच. वाढला म्हणून ताकद वाढली असंही नाही.

इसनोफिल या पांढऱ्या पेशींचंही तसंच. "ॲलर्जी आसा" म्हणून वर्षानुवर्षं खोकल्याचं औषध घेणारे आहेत. ॲलर्जी असेलही, जंतही असतील. पण रात्री उसळणारा खोकला, दम आणि इसनोफिल ३००० च्या वर, असं जिथे हत्तीरोगाचे डास होते त्या भागात दिसलं तर फायलेरियाचा विचार व्हायलाच हवा. सिंधुदुर्ग त्या भागातला. विशेष म्हणजे या प्रकारात रात्री रक्त काढूनही जंतू बहुधा दिसत नाहीत. हत्तीरोगाच्याच डीईसी गोळ्या तीन आठवडे दिल्यावर खोकला थांबतो.

एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी, पॉझिटिव्ह आली की पोरीबाळींच्या घरात रडारड होते. रक्तद्रव १:८० इतका पातळ करून तपासला तर शंभरातल्या सुमारे तेरा धडधाकट माणसांचीही ही चाचणी पॉझिटिव्ह येते. सांधे, पुरळ, लघवी यांत काही नसेल तर ती मुळात करायलाच नको होती. 'फुल बॉडी' पॅकेजची हीच खोड. नॉर्मलची रेघ निरोगी लोकांतल्या ९५ टक्क्यांवर ओढलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा रेघेबाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के.

डॉक्टरांकडे जाताना काकीने जुना रिपोर्ट न्यावा, आणि गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेल्या त्या बिननावाच्या पुड्याही. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते पांढऱ्या पेशी वाढवतं आणि सीआरपी दाबून ठेवतं. मग आत पू झालेला असला तरी कागदावर त्याचा पुरता पत्ता लागत नाही.