धूर मालकाचा, लायसन ड्रायव्हरचे

हप्त्यावर जुना ट्रक घेऊन धंद्यात उतरलेले, तसेच दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर-क्लीनर म्हणून राबणारे कितीतरी तरुण आपल्या वस्त्यांतून आहेत. कळंबोली, भिवंडी, नागपूरजवळची वाडी अशा ठिकाणी त्यांचे अर्धे आयुष्य जाते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठी आम्ही आज हा विषय घेतला आहे.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर 'भारत स्टेज चार' हे मानक लागू झाले व १ एप्रिल २०२० पासून 'स्टेज सहा' आले. मधल्या तीन वर्षांतील मोठ्या ट्रकवर धूर आवरणारी बहुधा दोनपैकी एक यंत्रणा असते. पहिली ईजीआर. ती धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडते. त्यामुळे आतील उष्णता कमी होते आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. दुसरी युरियाची. ती धुराच्या नळीत युरियाचे द्रावण फवारते व त्या विषारी वायूचे साधा नायट्रोजन आणि वाफ यांत रूपांतर करते.

गाडी जुनी झाली की ईजीआरच्या व्हॉल्व्हमध्ये काजळी साचते, युरियाच्या नोझलवर पांढरे खडे धरतात. दिवा लागतो, गाडी ओढत नाही. मग गॅरेजमध्ये सोपा उपाय सांगितला जातो : ईजीआरला पत्रा मारा, युरियाला बायपास किट बसवा. हे किट गाडीच्या कॉम्प्युटरला 'सर्व ठीक आहे' असे खोटेच सांगत राहते. शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार-पाच लिटर युरिया लागतो. तो खर्च मालकाचा वाचतो.

आम्ही पडलो कारकुनी पेशाचे. जमेबरोबर खर्चाची बाजू पाहण्याची आम्हाला सवय. ही बचत कोणाच्या नावे खर्ची पडते?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला फेरफार केल्यास कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. परंतु कलम १९० (२) नीट वाचा. हवा प्रदूषणाची मानके मोडून गाडी चालवणारा किंवा चालवू देणारा, दोघेही त्यात येतात. पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन अपात्र. मालक दुसरा ड्रायव्हर बसवील. लायसन गेलेल्याच्या घरची चूल तीन महिने कशी पेटणार?

"पीयूसी मिळाले, मग भीती कसली?" असे अनेकजण म्हणतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. ईजीआर बंद केल्यावर काळा धूर उलट कमी दिसतो. न दिसणारा वायू मात्र वाढतो. तो दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. हा धूर आधी ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजमधली पोरे आणि रस्त्याकडेची वस्ती यांच्याच छातीत जातो.

मग करावे काय? दुरुस्तीच करावी. ईजीआरचा व्हॉल्व्ह खोलून काजळी साफ करता येते, गॅस्केट मात्र नवे घालावे. बाहेर गळती नसताना रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर ईजीआरचा कूलर तपासावा. युरियाचे खडे स्वच्छ कोमट पाण्याने विरघळतात. खताचा युरिया पाण्यात कालवून कधीही टाकू नये. त्यातील निंबोळी तेल व अशुद्ध द्रव्यांनी सारी यंत्रणा निकामी होते.

जुनी गाडी घेताना चावी फिरवून पाहा. इंजिनच्या बिघाडाचा दिवा एकदा लागून गेला पाहिजे. तो लागतच नसेल तर वायर तोडलेली असू शकते. युरियावरील गाडी चारपाचशे किलोमीटर चालूनही टाकीतली पातळी उतरली नाही, तर बायपास आहे असे समजावे.

दुसऱ्याच्या गाडीवर जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच हे पाहावे. दोष दिसल्यास मालकाला लेखी कळवून एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिच्याकडून अर्ज लिहून घ्यावा. गाडी कोणाचीही असो, लायसन आपले आहे.