अरण्यातील रुग्ण, मिशनरी विमान आणि संदेशाची भाषा

दुर्गम अरण्यातील रुग्णास विमानाने रुग्णालयात पोहोचविल्याची हकीकत सांगितली जाते, तेव्हा श्रोत्याचे लक्ष साहजिकच वैमानिकाच्या धाडसाकडे व विमानाच्या यंत्ररचनेकडे जाते. परंतु विमान उडण्यापूर्वीच एक गोष्ट घडून गेलेली असते. रुग्णास काय होत आहे हे कोणीतरी, कोणत्यातरी भाषेत, दूरच्या माणसास सांगितलेले असते. ते सांगणे नीट पोहोचले नाही तर विमान निघतच नाही, किंवा निघते ते चुकीचे औषध घेऊन. पेरू व एक्वादोर ह्या देशांच्या पूर्वेकडील ॲमेझॉन खोऱ्यातील मिशनरी वायुसेवेचा ह्या दृष्टीने येथे विचार करावयाचा आहे.

ह्या वायुसेवेचा भाषाशास्त्राशी असलेला संबंध आगंतुक नव्हे. अलिखित भाषांचे व्याकरण लिहून त्यांत बायबलचे भाषांतर करावे, ह्या हेतूने विल्यम कॅमरॉन टाउनसेंड ह्यांनी १९३४ साली अमेरिकेत समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स ही संस्था सुरू केली. १९४७ साली मेक्सिकोतील चियापास प्रांताच्या अरण्यात उड्डाणानंतर लगेच विमान कोसळून टाउनसेंड व त्यांच्या पत्नी जबर जखमी झाल्या. भाषाभ्यासकांस अरण्यात पाठवावयाचे तर अरण्याची सवय असलेले वैमानिक, विमाने व रेडिओ स्वतःजवळ असले पाहिजेत, हा त्यांचा विचार ह्या अपघाताने पक्का झाला; आणि १९४८ साली जंगल एव्हिएशन अँड रेडिओ सर्व्हिस ह्या शाखेचा जन्म झाला. तत्पूर्वी, १९४५ साली, महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांच्या पुढाकाराने आज मिशन एव्हिएशन फेलोशिप ह्या नावाने ओळखली जाणारी संस्था अमेरिकेत स्थापन झाली होती. तिचे वैमानिक नेट सेंट १९४८ साली एक्वादोरमधील शेल मेरा येथे आले व तेथे त्यांनी आपला तळ उभारला.

ह्या विमानांची उपयुक्तता जितकी मोठी, तितक्याच तिच्या मर्यादाही कठोर आहेत. पायी कित्येक दिवसांची वाट ती काही मिनिटांत तोडतात. परंतु गावकऱ्यांनी कुऱ्हाडी-कोयत्यांनी झाडे तोडून केलेली धावपट्टी आखूड असते, पावसाने ती निसरडी होते, आणि तिच्यावर दिवे नसल्यामुळे उड्डाण दिवसाउजेडीच करावे लागते. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी दुपारनंतर ढग दाटतात. म्हणजे संध्याकाळी अडलेल्या बाळंतिणीस बहुधा पहाटेपर्यंत थांबावे लागते. आणि पहाटे एकाच विमानासाठी दोन गावांहून बोलावणे आले, तर आधी कोठे जावयाचे हे ठरविण्यास रेडिओवरील शब्दांखेरीज दुसरे साधन नसते. शेल मेरा येथील तळावर हा रेडिओ नेट सेंट ह्यांच्या पत्नी मार्ज सांभाळीत असत. वैमानिकाच्या उड्डाणाइतकेच हे ऐकण्याचे कामही जोखमीचे होते.

येथे भाषेची अडचण उभी राहते. रुग्ण आपल्या मातृभाषेत बोलतो. गावातील कोणी शिक्षक किंवा मिशनरी ते स्पॅनिशमध्ये अथवा इंग्रजीत सांगतो. डॉक्टर ते वैद्यकाच्या परिभाषेत समजून घेतो. ह्या प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते. आपल्या मराठीचेच उदाहरण घ्यावे. कळ, ठणका, चमक, मुरडा, जळजळ हे शब्द वेदनेचे निरनिराळे प्रकार दाखवितात, आणि जाणता वैद्य त्यांवरून निदानाच्या दिशेने बरेच पुढे जातो. दुभाष्याने ह्या सर्वांस ‘दुखते’ एवढाच एक शब्द योजला, की वैद्याच्या हाती काहीच उरत नाही. ह्याच्या उलटही घडते. मराठीत ‘पायाला साप चावला’ हे वाक्य पूर्ण आहे. परंतु स्पॅनिशमध्ये घोट्याच्या वरच्या भागास एक व खालच्या पावलास दुसरा शब्द असल्याने दुभाष्यास त्यांपैकी एक निवडावाच लागतो, आणि ठाऊक नसलेली माहिती तो नकळत निर्माण करतो.

सर्पदंशाच्या बाबतीत तर प्रश्न जीवनमरणाचा होतो. ॲमेझॉन खोऱ्यात बोथ्रॉप्स ह्या वंशाच्या सापांचे दंश वारंवार घडतात. त्यांच्या विषाने सूज येते व रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. प्रवाळसर्पाचे विष मज्जासंस्थेवर आघात करून श्वास बंद पाडते. ह्या दोहोंवरील प्रतिविषे भिन्न असून एकीचा दुसऱ्यावर उपयोग होत नाही. अशा वेळी गावकऱ्याने उच्चारलेले सापाचे स्थानिक नाव हे निदानाचे एक मोलाचे साधन ठरते. आणि ते नाव कोणत्या जातीचे हे ज्याने शब्दकोशात काळजीपूर्वक नोंदविले, त्या भाषाभ्यासकाचा रुग्ण वाचविण्यात वाटा असतो. कोशकाराच्या अचूकतेची एवढी कठोर परीक्षा क्वचितच होत असेल.

संदेशातील ही गळती थांबविण्याचे जे उपाय निघाले, त्यांत भाषेची व्याप्ती जाणूनबुजून कमी केलेली दिसते. प्रेसबिटेरियन धर्मोपदेशक जॉन फ्लिन ह्यांच्या प्रयत्नांनी १९२८ साली ऑस्ट्रेलियातील क्लॉनकरी येथे फिरत्या डॉक्टरांची वायुसेवा सुरू झाली. तो प्रदेश अरण्याचा नव्हे, रुक्ष माळरानाचा. पण अडचण तीच. तेथे पुढे दूरदूरच्या वस्त्यांत औषधांच्या पेट्या ठेवण्यात आल्या, पेटीतील प्रत्येक औषधास क्रमांक देण्यात आला, आणि शरीराच्या आकृतीवरही क्रमांक घालण्यात आले. वेदना कोठे आहे हे आकड्याने सांगावयाचे, औषधही आकड्यानेच ऐकावयाचे. १९५६ साली अमलात आलेली आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीची ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही अक्षरनामावलीही ह्याच जातीची. खरखरणाऱ्या रेडिओवर इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश भाषकांस सारखेच ओळखता येतील असे शब्द शोधण्यासाठी माँट्रियल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल व्हिने ह्यांचे साहाय्य घेण्यात आले होते.

नेट सेंट ह्यांनी आणखी एक युक्ती काढली. विमान वर्तुळात घिरट्या घालीत असता त्यातून लांब दोरास बांधलेली बादली सोडली, तर तिचे वजन व हवेचा विरोध ह्यांमुळे ती वर्तुळाच्या मध्याकडे सरकते व जमिनीलगत जवळजवळ स्थिर होते. धावपट्टी नसलेल्या ठिकाणी अशा रीतीने औषध उतरविता येई. दोराऐवजी तार वापरून तिच्या टोकास टेलिफोन बांधला, की खालच्या माणसाशी प्रत्यक्ष बोलताही येई. बोलण्यासाठी एवढा खटाटोप करावासा वाटला, हीच गोष्ट बोलकी आहे.

तथापि हा इतिहास निर्मळ उपकाराचा नाही. ह्याच बादलीतून सेंट ह्यांनी वाओरानी लोकांस भेटी पाठविल्या, आणि दायुमा नावाच्या वाओरानी स्त्रीकडून मिळविलेली काही वाक्ये विमानातून ओरडून सांगितली. ती अनेक वर्षे आपल्या लोकांपासून दूर राहिलेली होती; शिवाय थोड्याशा पाठ वाक्यांनी परस्परांचे हेतू कळत नसतात. ८ जानेवारी १९५६ रोजी कुरारे नदीच्या काठी सेंट व त्यांचे चार सहकारी वाओरानींच्या भाल्यांनी मारले गेले. १९५८ साली सेंट ह्यांची भगिनी रेचेल व मृतांपैकी एकाची पत्नी एलिझाबेथ एलियट ह्या दायुमासह वाओरानींच्या वस्तीत राहावयास गेल्या. पुढे दूरच्या टोळ्याही तिवेनो येथे आणण्यात आल्या. त्याच सुमारास त्यांच्या भूमीत खनिज तेलाचा शोध चालू होता. एके ठिकाणी दाटी झाली, आणि १९६९ साली तेथे पोलिओची साथ येऊन सोळा माणसे दगावली व अनेक पंगू झाली. रुग्णांस मदत विमानाने पोहोचली, हे खरे. पण ज्या संपर्कातून रोग आला, तो घडवून आणण्यातही विमानाचा हात होता, हेही तितकेच खरे.

आज उपग्रहाद्वारे चालणारे दूरध्वनी अरण्यात पोहोचले आहेत व विमानेही अधिक समर्थ झाली आहेत. परंतु यंत्र कितीही सुधारले, तरी ते रुग्णाचे शब्द वाहून नेते. त्यांचा अर्थ लावीत नाही. तो लावण्यासाठी रुग्णाची भाषा जाणणारे माणूस गावात असावे लागते, आणि ते त्या गावचेच असणे सर्वांत चांगले. पेरूमध्ये १९५३ पासून यारीनाकोचा येथे आदिवासी तरुणांस द्वैभाषिक शिक्षक म्हणून तयार करण्यात आले; तसेच पुढे गावोगावचे आरोग्यसेवकही तयार झाले. विमानाची खरी धावपट्टी ह्या माणसांनी बांधली, असे म्हणावयास हरकत नाही.