अंगाची आग, अंगाचे पाणी

हल्ली पोरांच्या मोबाइलवर असे खेळ असतात की एक पिशाच्च अंगाची आग करते, दुसरे पाणी होऊन दाराखालून निसटते, तिसरे जमिनीत शिरून भलतीकडे वर येते. पोरे खेळतात, बंद करतात आणि जेवायला बसतात. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हेच सारे खरे मानणाऱ्या मोठ्यांबद्दल.

आम्ही शिरूर अनंतपाळकडचे. मराठवाड्यात भानामती कोणी ऐकली नाही? दोरीवरचे लुगडे आपोआप पेटते, अंगावर फुल्या उठतात, बाई कुत्र्यासारखी भुंकते. मग देवऋषी येतो आणि बोट दाखवतो एखाद्या विधवेकडे, नाहीतर आपल्या वस्तीकडे. फुल्या उठतात बिब्ब्याच्या तेलाने. बिब्बा कातडी भाजतो हे आपल्या आजीबाईंना ठाऊक असते. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकले की थोड्या वेळात काडीशिवाय जाळ होतो. भुंकणाऱ्या बाईचे दुखणे मात्र ढोंग म्हणून उडवू नये. ते मनाचे असते, तिला डॉक्टर पाहिजे, चाबूक नव्हे.

कोणी म्हणेल, आपल्या पाली ग्रंथांतही पाण्यावरून चालणारे, भिंतीतून आरपार जाणारे भिक्खू आहेत. आहेत. पण दीघनिकायातले केवट्ट सुत्त वाचावे. नालंदेचा गृहस्थ केवट्ट तथागतांना विनवतो की, एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करवा, लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. शंका घेणारा त्याला गांधारी विद्या म्हणेल, असल्या प्रकारांची आपल्याला लाज वाटते, असे सांगतात. शिकवणीने माणूस बदलतो, तोच त्यांच्या लेखी खरा चमत्कार. राजगृहात पिंडोल भारद्वाज चंदनी पात्रासाठी आकाशात उडाले, अशी विनयपिटकात कथा आहे. त्यांनाही तथागतांनी खडसावले आणि ते पात्र फोडायला लावले. राहुलाला त्यांनी पृथ्वीसारखे व्हायला सांगितले खरे, पण ते मनाने! जमिनीवर काहीही टाका, ती किळस करीत नाही.

2013 पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. भानामतीचा आळ घेऊन कोणाला मारले, धिंड काढली तर तोंडी सांगून परत येऊ नये. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी. लिहिण्याची अडचण असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. कागद, पेन घेऊन आम्ही तिथे असतो.