पट्ट्याच्या आतलं ब्रीद

माझ्या लिहायच्या टेबलावर एक बिल्ला असतो. पांढऱ्या धातूचा, तळहातात मावेल एवढा. मधोमध झेप घ्यायच्या पवित्र्यातलं एक रानमांजर, तोंड सरळ आपल्याकडे वळवलेलं. त्याच्याभोवती गोल फिरवलेला चामडी पट्टा. बक्कल इतकं बारकाईनं कोरलंय की त्याचा काटासुद्धा दिसतो, आणि पट्ट्याचं उरलेलं टोक नीट खोचून खाली सोडलेलं आहे. पट्ट्यावर अक्षरं आहेत : 'टच नॉट द कॅट बॉट अ ग्लव्ह'.

हे स्कॉटलंडमधल्या मॅकिंटॉश कुळाचं ब्रीद. यातला 'बॉट' हा जुन्या स्कॉट्स भाषेतला शब्द, त्याचा अर्थ 'वाचून', 'विना'. हातमोजा नसलेल्या मांजराला हात लावू नका, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. म्हणजे हातमोजा आपल्या हाताचा नाही, मांजराच्या पंजाचा. नखं आत असली की पंजा मोज्यात असतो, नखं बाहेर आली की मोजा उतरला. तेव्हा जवळ जाऊ नका. सहा-सात शब्दांत धमकी आहे, मर्यादा आहे आणि रानमांजराचं अचूक निरीक्षणही आहे. स्कॉटलंडच्या कुळांची ब्रीदं वाचायला लागलो ते या एका वाक्यामुळे.

'स्लोगन' हा शब्द आज आपण निवडणुकीपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे वापरतो. तो मुळात गेलिक भाषेतला. 'स्लुआ' म्हणजे सैन्य, 'गैर्म' म्हणजे हाक. सैन्याची हाक, ती स्लोगन. आणि या हाका बहुतेकदा जागांची नावं असत. कॅम्पबेल कुळाची हाक 'क्रूआखन', त्यांच्या मुलखातला एक डोंगर. मॅकफार्लेन कुळाची 'लॉख स्लॉय', एक तळं. मॅकलारेन लोकांची हाक होती 'रानडुकराचा खडक'. धुक्यानं भरलेल्या खोऱ्यात, रात्रीच्या अंधारात, ती आरोळी ऐकली की माणसाला दोन गोष्टी कळत : हाक मारणारा आपला आहे, आणि कुठे जमायचं आहे. पराक्रमाची भाषा त्यात नाही. आपल्या भूमीतली एक ओळखीची जागा, एवढंच. मला वाटतं, ब्रीदाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खरं रूप हेच.

ढालीवरच्या चित्रांची गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. बाराव्या शतकात युरोपभर सरदार डोकं-तोंड झाकणारी शिरस्त्राणं घालू लागले आणि आतला माणूस कोण ते ओळखू येईना. मग ढालीवर ठळक खुणा आल्या. रंगांचा एक नियमही रुळला : सोनेरी आणि रुपेरी हे 'धातू', बाकी लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. निळ्यावर काळा सिंह लांबून दिसत नाही, निळ्यावर सोनेरी दिसतो. पुढे या खुणा वारशानं चालू लागल्या, आणि त्यांच्यासोबत ब्रीदंही.

स्कॉटलंडचं वेगळेपण पुढे आहे. तिथे या खुणांना आणि शब्दांना कायद्याचं संरक्षण आहे, तेही आजच्या तारखेला. एडिंबरामध्ये न्यू रजिस्टर हाउस नावाच्या इमारतीत 'कोर्ट ऑफ द लॉर्ड लायन' भरतं. लॉर्ड लायन हा राजाचा मुख्य हेरल्ड, म्हणजे दवंडी देणारा, वंशावळी आणि मानचिन्हं सांभाळणारा अधिकारी. तिथे तो न्यायाधीशही आहे. त्याच्या कोर्टाला स्वतःचा सरकारी वकील आहे. १५९२ च्या कायद्यानं त्याला बेकायदा चिन्हं जप्त करण्याचे अधिकार दिले, आणि १६७२ च्या कायद्यानं सगळ्या चिन्हांची एक सार्वजनिक नोंदवही सुरू झाली. ती वही अजून चालू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राजा तिसरा चार्ल्स गादीवर आल्याची घोषणा एडिंबराच्या मर्कट क्रॉसवर लॉर्ड लायननंच वाचली.

हा कायदा कागदावर झोपलेला नाही. दहाएक वर्षांपूर्वी एअर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या बिल्ल्याविषयी तक्रार झाली. बिल्ला ढालीच्या आकाराचा, पण लायनच्या वहीत त्याची नोंद नव्हती. क्लबनं अनेक वर्षं छातीवर मिरवलेला तो बिल्ला अखेर बदलावा लागला. चाहत्यांना वाईट वाटलं असणार, आणि ते मी समजू शकतो. पण ज्या देशात ढालीवरची खूण हा सहीसारखा दस्तऐवज मानला जातो, तिथे नोंद नसलेली ढाल चालत नाही, हेही मला पटतं.

या वहीतली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे तिथे चित्रापेक्षा शब्द मोठा आहे. चिन्हाचं वर्णन एका ठरलेल्या, जुन्या फ्रेंच वळणाच्या भाषेत लिहितात. त्याला ब्लेझन म्हणतात. मॅकलाउड कुळप्रमुखाच्या ढालीचं ब्लेझन मराठीत आणलं तर असं होईल : निळ्या पार्श्वभूमीवर तीन बुरुजांचा रुपेरी किल्ला, दगडांच्या सांध्यांच्या रेषा काळ्या, खिडक्या आणि दार लाल. एवढंच. बुरूज किती उंच, निळा आकाशाचा की समुद्राचा, हे चित्रकारानं ठरवायचं. दहा चित्रकारांनी दहा किल्ले काढले तरी सगळे खरे, शब्दाबाहेर गेले नाहीत म्हणजे झालं.

ब्रीदाचंही तसंच. इंग्लंडमध्ये ब्रीद चिन्ह बहाल करणाऱ्या सनदेचा भाग मानत नाहीत, माणूस ते मनाला येईल तेव्हा बदलू शकतो. स्कॉटलंडमध्ये ब्रीद सनदेत लिहिलेलं असतं. बदलायचं तर लायनच्या दारात जाऊन नव्यानं नोंद करावी लागते. इंग्लंडमध्ये ते बहुधा ढालीच्या खाली लिहितात, स्कॉटलंडमध्ये बहुधा सगळ्यांच्या वर, शिरस्त्राणावर बसवलेल्या शिरोभूषणाच्याही माथ्यावर.

मग हे सगळं कोणाचं? याबाबतीत जगभर मोठा गैरसमज आहे. पर्यटकांच्या दुकानांत 'तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह' म्हणून लाकडी पाट्या विकायला असतात, आणि माणसं प्रेमानं त्या घरी नेऊन लावतात. पण स्कॉटलंडच्या कायद्यात आडनावाचं चिन्ह अशी गोष्टच नाही. ढाल एका वेळी एका माणसाची. ती थोरल्याकडे जाते. धाकट्या मुलाला हवी असेल तर त्यानं लायनकडे अर्ज करायचा आणि ढालीला वेगळी किनार किंवा एखादी खूण जोडून घ्यायची, म्हणजे भाऊ भावापासून वेगळा ओळखू येईल.

बाकीच्या हजारो माणसांनी काय करायचं? त्यांच्यासाठी पट्टा. कुळातला कोणीही आपल्या प्रमुखाचं शिरोभूषण आणि ब्रीद टोपीवर लावू शकतो, पण पट्टा-बक्कलाच्या आत. पट्टा सांगतो : ही खूण माझी नाही, ज्याची आहे त्याचा मी माणूस. खुद्द प्रमुखाच्या बिल्ल्याला पट्टा नसतो, साधं कडं असतं आणि मागे गरुडाची तीन पिसं. ही पद्धत फार जुनी नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ती रुळली. पण तिच्यातला विचार मला फार भावतो. मालकी एकाची आणि आपलेपणा सगळ्यांचा, हे दोन्ही एका बक्कलात बसवलेलं. प्रमुख पुरुषच हवा असंही नाही. मॅकलाउड कुळाच्या अठ्ठाविसाव्या प्रमुख फ्लोरा मॅकलाउड होत्या, आणि १९७६ मध्ये वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारेपर्यंत जगभर विखुरलेल्या कुळाला त्यांनी एकत्र बांधून ठेवलं.

याच मॅकलाउडांचं ब्रीद 'होल्ड फास्ट', घट्ट धर. शिरोभूषण बैलाचं डोकं. दंतकथा अशी की चौदाव्या शतकात त्यांचा प्रमुख माल्कम रात्री ग्लेनेल्गहून परतताना माजलेल्या बैलाच्या तावडीत सापडला आणि नुसत्या खंजिरानं त्याला लोळवून त्याचं एक शिंग घेऊन आला. स्काय बेटावरच्या डनव्हेगन किल्ल्यात रुपेरी कड बसवलेलं एक मोठं शिंग आजही आहे. त्यात सुमारे दीड बाटली क्लॅरेट वाइन मावते. वारसदारानं ते भरलेलं शिंग एका दमात रितं करायचं, तोल न जाऊ देता. १९६५ मध्ये जॉन मॅकलाउड यांनी ते १ मिनिट ५७ सेकंदांत रितं केलं. ब्रीद नुसतं कोरून ठेवायचं नसतं, एकदा तरी अंगावर घ्यायचं असतं, हे त्या घरानं शिंगातून शिकवलं.

लॉकहार्ट घराण्याची कथा शांत आहे. राजा रॉबर्ट ब्रूस १३२९ मध्ये वारला. आपलं हृदय पवित्र भूमीकडे न्यावं अशी त्याची इच्छा होती. जेम्स डग्लस ते घेऊन निघाला आणि १३३० मध्ये स्पेनमध्ये तेबा इथे लढाईत पडला. हृदय मायदेशी परत आलं. ज्या पेटीत ते होतं तिची किल्ली सायमन लॉकहार्टकडे होती, असं घराण्यात सांगतात. त्यांच्या ढालीवर बेडीत अडकवलेलं हृदय आहे आणि ब्रीद आहे लॅटिनमधलं : कुलूपबंद हृदयं मी उघडतो. लॉक म्हणजे कुलूप, हार्ट म्हणजे हृदय. आडनावावरचा श्लेष आणि शोक एकाच ओळीत आला आहे.

मॅकग्रेगर कुळाला तर नावच उरलं नव्हतं. १६०३ मध्ये ते आडनाव लावणं हा देहदंडाचा गुन्हा ठरला. मधली काही वर्षं सोडली तर बंदी १७७४ पर्यंत टिकली. लोक इतर आडनावांनी जगले, जन्मले, पुरले गेले. त्यांचं ब्रीद आहे : माझा वंश राजवंश. नाव घेण्याची चोरी असताना ज्यांनी हे वाक्य मनात जपलं असेल, त्यांच्या घरातल्या संध्याकाळी कशा असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आपल्याकडे ही माणसं ढाल घेऊन नाही, पलटणीचे गणवेश घालून आली. मॅकेंझी कुळप्रमुखाच्या ढालीवर सोनेरी हरणाचं मस्तक आहे. त्या कुळाच्या पूर्वजानं चवताळलेल्या हरणापासून राजाला वाचवलं, अशी दंतकथा. इतिहासकार ती मानत नाहीत, पण तिच्यातून आलेलं गेलिक वाक्य टिकलं, त्याचा अर्थ 'राजाला साहाय्य कर'. १७९३ मध्ये त्याच कुळाच्या प्रमुखानं ७८ वी हायलँडर पलटण उभी केली आणि हे मस्तक, हे वाक्य पलटणीची खूण झालं. दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, ती पलटण आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या तोफांसमोर उभी होती. ७४ वी हायलँडरही तिथेच होती, आणि त्या एका दुपारी ती जवळजवळ संपली. आपल्या बाजूचे गोलंदाज तोफांना चिकटून राहिले आणि तिथेच मेले.

त्या लढाईबद्दल दोन्ही पलटणींना निशाणावर हत्ती मिळाला. हत्तीसोबत एक शब्द आहे. ब्रीद नाही, कुळाचं नाव नाही. क्रूआखनसारखं, लॉख स्लॉयसारखं एका जागेचं नाव आहे : असई.